मागे गेलेला हात

बोपदेव घाटाचं शेवटचं वळण उतरताना मैत्रीचा डावा हात हँडल सोडून मागे गेला. कमरेच्या मागे, तर्जनी जमिनीकडे. एवढंच. पुढे डांबरात आडवा चर होता, पाइपासाठी खणलेला आणि अर्धवट बुजवलेला. शर्यतीआधी संघातल्या सगळ्या रस्ता बघायला आल्या होत्या तेव्हा त्यात खडी दाबून बसवलेली होती. आता ती उधळून गेली होती आणि एका झाडाची सावली नेमकी त्यावर पडली होती. मैत्रीने एका हातानेच सायकल उजवीकडे घेतली. मागच्या चाकांचा आवाजही तिच्यामागोमाग उजवीकडे सरकला आणि पुन्हा सरळ झाला. आणि मग पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी तसं तिला झालं. कारण तिच्या मागे रोज असायची ती तेजस्विनी आज नव्हती. मागे अक्षता होती. "थँक्स," अक्षता मागून म्हणाली, धापेतून, मनापासून. तो शब्द मैत्रीच्या पाठीत कुसळासारखा रुतला.

चार दिवसांची शर्यत. रोज एक टप्पा, आणि चारही दिवसांची वेळ मिळून जिची सगळ्यांत कमी ती जिंकली. बेरजेत पुढे असेल तिच्या अंगावर पिवळी जर्सी. ती जर्सी दुसऱ्या दिवसापासून तेजस्विनीच्या अंगावर होती, झोपतानाही. तीन वर्षं सलग ती दुसरी आली होती. या वर्षी सांगलीच्या अक्षतापेक्षा नऊ सेकंदांनी पुढे होती. नऊ सेकंद म्हणजे कुलपात किल्ली फिरवायला लागतात तेवढे. ते सांभाळायचे हेच मैत्रीचं काम. आज शेवटच्या दिवशी वाघोलीहून निघून उरुळी, शिंदवणे घाट, सासवड, बोपदेव आणि मग शहर. सकाळी प्रशिक्षक शर्मिलाताईंनी बजावलं होतं, "अक्षता सुटली तर तू तिचं शेपूट. ओढायचं नाही, तिच्यासाठी वारा कापायचा नाही, नुसतं मागे बसायचं. उताराला मात्र पुढे हो आणि आपल्या चालीने उतर, म्हणजे तिला हवं तसं सुसाट जाता येणार नाही." शिंदवण्याच्या चढात अक्षता सुटली आणि नेमकी त्याच क्षणी तेजस्विनीची साखळी उतरली. मैत्री शेपूट झाली. सासवडच्या सपाटीवर अक्षताने एकटीने समोरचा वारा कापला, शिव्या घातल्या, कोपराने खूण करून करून मैत्रीला पुढे बोलावलं. मैत्री हलली नाही. घाटमाथ्यावर सांगितल्याप्रमाणे पुढे झाली. सगळं सांगितल्याप्रमाणे झालं होतं. फक्त हाताला कुणी काही सांगितलं नव्हतं.

घाट संपला आणि अक्षता लगेच पुढे निघून गेली. मैत्री पुन्हा तिच्या मागच्या चाकाला चिकटली. येवलेवाडीची दुकानं, फरशांचे ढीग, हात हलवणारी माणसं, एका गॅलरीतून ताट वाजवणारी बाई, सगळं बाजूने पुसलं जात होतं. मधेच एक मोटरसायकल शेजारी आली. मागे बसलेल्या माणसाने फळी दाखवली: मागच्या दोघी अठरा सेकंदांवर. म्हणजे तेजस्विनी येत होती. रूपाली तिला ओढून आणत असणार. रूपाली संघातली सगळ्यांत लहान, सदाशिव पेठेत खोली करून राहणारी, एरवी तोंडाचा पट्टा चालू, पण ओढायला लागली की गप्प. अठराचे आठ झाले तर जर्सी वाचेल. आणि मघाशी हात मागे गेला नसता तर? मैत्रीने तो विचार तसाच ठेवून अक्षताच्या चाकाकडे बघितलं. पातळ, काळं, फिरता फिरता उभं असल्यासारखं दिसणारं चाक. त्या चरात हे गेलं असतं. गेलं असतंच. मग मोडलेल्या काड्या, खरचटलेला खांदा, कदाचित खांद्याचं हाड. आणि पिवळी जर्सी शांतपणे मागून आली असती.

आजोबा म्हणाले असते, "खड्डा तर सांगायचाच असते." दशरथ आजोबा भंडाऱ्याकडून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला आलेले, येरवड्यात एका खोलीत राहिलेले, आणि बोलण्यातला भंडारा शेवटपर्यंत न सोडलेले. पहिल्या पाळीला अंधारातच निघावं लागायचं. रस्त्यावर दिवे कुठे होते, कुठे नव्हते. सायकलच्या डायनॅमोने पाय जड होतात म्हणून तो कुणी लावायचा नाही. म्हणून रांग. येरवड्याचे, विश्रांतवाडीचे, वाटेत भेटतील ते, पंधरा-वीस सायकली एकामागे एक, कॅरिअरला डबे. सगळ्यांत पुढचा ओरडायचा, "खड्डाऽ!" मग दुसरा, मग तिसरा, आणि मालगाडीचे डबे एकमेकांना टेकत जावेत तसा तो शब्द मागे मागे जायचा, दिसेनासा व्हायचा. त्या रांगेत एक माणूस होता. मधल्या सुटीत तो आजोबांच्या पंगतीला बसायचा नाही, आजोबांच्या हातचं पाणी घ्यायचा नाही, कारण विचारायची गरजच नव्हती. "माह्या डब्यातलं न खाणारा माणूस माहा खड्डा मात्र बिनबोभाट घ्यायचा, पोरी," असं सांगून आजोबा खूप हसायचे. त्या हसण्यात कडूपणा नसायचा, किंवा असला तर तो लहान मुलीला ऐकू येणार नाही इतक्या खालच्या पट्टीत. मैत्री तेव्हा सात-आठ वर्षांची. तिने विचारलं होतं, "मग तुम्ही त्याला कशाला सांगायचे?" आजोबा कधी झटकन उत्तर द्यायचे नाहीत. प्रश्न हातात घेऊन बघायचे, पेरू पिकलाय का बघावं तसे. मग म्हणाले होते, "मी त्याले कुठं सांगत होतो? मी मागं सांगत होतो. मागं कोन आहे हे पाहून सांगाले बसलं तर तंवर खड्डा येऊन जाते."

कोंढव्याचा चौक आला, शिट्ट्या वाजवणारे पोलीस, दोरीमागे थांबवलेल्या गाड्या, त्यातल्या एकाचा वैतागलेला हॉर्न. मैत्रीला वाटलं, आजोबांच्या मागे लपायला नको. त्यांच्या रांगेत अंधार होता. आपल्याला भर उन्हात माहीत होतं मागे कोण आहे ते. घाटभर अक्षताचा श्वास मागून ऐकू येत होता. तेजस्विनीचा श्वास वेगळा, ती दातांच्या फटीतून हवा ओढते, झोपेतही. दोन वर्षं एका फ्लॅटमध्ये राहिल्यावर माणसाचा श्वासही ओळखीचा होतो. मग हात मागे गेला तो सवयीने, की कळून? चर दिसला, त्या क्षणी डोक्यात आधी काय आलं होतं? ती ते आठवायला लागली, खराडीच्या ऑफिसमध्ये बिघडलेला प्रोग्रॅम उलटा चालवून चूक कुठे झाली ते शोधायची तसं. तेच तिचं पोटापाण्याचं काम होतं. सावली. सावलीच्या आत सावलीपेक्षा काळी रेघ. मग चर. मग... मग "अक्षता." नाव आलं होतं. अगदी स्पष्ट आलं होतं, दारावर पाटी असावी तसं. त्याच्या मागोमाग "पडेल" हेही आलं होतं, आणि त्या "पडेल"च्या कडेला काहीतरी बारीक, चकाकणारं, पिवळं. आणि हे सगळं येऊन गेल्यावर हात गेला. म्हणजे सवय नव्हे. सवयीला एवढा वेळ लागत नाही. हे कळलं आणि तिला भीती वाटेल असं वाटलं होतं, वाटली नाही. उलट छातीत थोडी जागा झाल्यासारखं झालं. फक्त त्या जागेत तेजस्विनी येऊन उभी राहिली, दात विचकून, पिवळी.

दर रविवारी सकाळी वाघोलीत सोसायटीमागच्या अर्धवट रस्त्यावर मैत्री मुलांना सायकल शिकवते. सात-आठ पोरं, निरनिराळ्या उंचीच्या सायकली, एकीच्या सायकलला अजून झिरमिळ्या. पहिल्या दिवशी ती त्यांना ना वेग शिकवते ना तोल. रांग शिकवते. पुढचा हात मागे नेईल, खड्डा दाखवेल. त्याच्या मागचा तसंच करेल. मुलं घाई करतात, हात दाखवता दाखवता स्वतःच खड्ड्यात जातात, आणि ती पुन्हा पहिल्यापासून रांग लावते. तिला कंटाळा येत नाही. एखाद्या मुलाचा हात विसाव्या खेपेला आपोआप मागे जातो तेव्हा तिच्या अंगावर बारीक शहारा येतो. पुढचे दोन दात पडलेली एक पोर गेल्या महिन्यात सायकल आडवी लावून भांडायलाच उभी राहिली होती. "ताई, मागे तेजस असला तर?"

"तरी दाखवायचा."

"तो मला रोज ढकलतो!"

"तरी दाखवायचा."

"मग तो ढकलायचं बंद करेल?"

"नाही गं. ढकलेल. ते वेगळं."

पोरीला हे अजिबात पटलं नव्हतं. तिने बराच विचार करून विचारलं होतं, "आणि मागे कुणीच नसलं तर?" मैत्रीने तेव्हा सांगून टाकलं होतं, तरी दाखवायचा, आणि पोर "वेडीच आहे ही" अशा नजरेने तिच्याकडे बघत सायकलवर चढली होती. मुलांना सांगताना सगळं किती सोपं असतं. त्यांच्या मागे तेजस असतो. तेजसला खड्डा दाखवला म्हणून कुणाची जर्सी थोडीच जाते?

शेवटचा सरळ रस्ता नदीकाठचा. मोटरसायकल पुन्हा आली. फळीवर चौदा होते. अक्षता सीटवरून उठली, डोकं खाली घालून जीव तोडून पायडल मारायला लागली. मैत्रीचे पाय तिच्या मानाने ताजे होते. सगळा वारा अक्षतानेच खाल्ला होता. दूरवर शेवटची पांढरी पट्टी दिसली तेव्हा अक्षता किंचित बाजूला झाली आणि तिने मान वळवली. तिच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता. "जा," ती म्हणाली. "टप्पा तुझा. घे." या खेळात असं देतात. दोघी चिकटून आल्या तर वेळ दोघींना सारखीच मिळते. अक्षताला हवी होती ती वेळ, आधी पट्टी ओलांडायचा मान ती देऊन टाकू शकत होती. मैत्रीने अकरा वर्षांत एकही टप्पा जिंकला नव्हता. तिने कायम कुणाला तरी तिथवर आणून सोडलं होतं आणि मग बाजूला झाली होती. पायांनी होकार दिला, मांड्या आपोआप ताठ झाल्या. पण त्या "घे"मध्ये मघाचं "थँक्स" होतं. हे घेतलं की तो खड्डा नुसता दाखवलेला राहणार नाही, त्याची किंमत घेतल्यासारखं होईल. ती हलली नाही. अक्षताने आश्चर्याने एकदा बघितलं, खांदे उडवले, आणि पट्टी ओलांडली. मैत्री तिच्या मागून आली, शेपूट होऊन, ठरल्याप्रमाणे. मग दोघी एका बाजूला थांबल्या आणि रस्त्याकडे बघायला लागल्या. रूपाली येताना दिसली, वेडीवाकडी, संपलेली; तिच्यामागून एकदम पिवळं उसळलं, हँडल डावी-उजवीकडे झोकत, दात विचकून. "ये, ये, ये," मैत्री ओरडत होती, आणि तिला कळलं की आपण ते अगदी मनापासून ओरडतोय, त्यात मघाच्या हाताची काही भेसळ नाही. तेजस्विनीने पट्टीवर सायकल अक्षरशः फेकली. अकरा सेकंद. दोन सेकंदांनी जर्सी गेली.

शर्मिलाताईंची गाडी घाटात त्या दोघींच्या मागेच होती. त्यांनी बघितलं होतं. त्या गाडीतून उतरल्या, मैत्रीला पाण्याची बाटली दिली, टॉवेल दिला, आणि मग अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाल्या, "मैत्री, एक सांगशील का? आपण कुणाच्या संघातून खेळतो?" पुणेरी माणसाचा आवाज जितका खाली जातो तितका तो लागतो. रूपाली रस्त्यावर आडवी पडल्या पडल्या ओरडली, "ताई, सीरियसली! खड्डा दाखवलास तो दाखवलास, ॲट लीस्ट टप्पा तरी घ्यायचा ना! ती फुकट देत होती!" म्हणजे अक्षताने पट्टीपाशी सांगून टाकलं होतं, सगळ्यांना कळलं होतं. तेजस्विनी जरा लांब, फुटपाथच्या कडेला बसली होती, बूट काढून. मैत्री तिच्या शेजारी जाऊन बसली. तेजस्विनी उरुळीपलीकडच्या एका वस्तीवरची. आज सकाळी त्या वस्तीवरची माणसं रस्त्यावर फटाक्यांची माळ घेऊन उभी होती. तेजस्विनी पायाची बोटं चोळत होती.

"तुला ठावं व्हतं का," तिने विचारलं, "मागं अक्षता हाय ते?"

समोर सोपं उत्तर होतं. हात सवयीने गेला गं. तेजस्विनीने ते लगेच मानलंही असतं. तिचाही हात तसाच जातो, सगळ्यांचाच जातो. मैत्रीने ते उत्तर तोंडापर्यंत आणून बघितलं.

"होतं," ती म्हणाली.

तेजस्विनीने मान वळवून तिच्याकडे नीट बघितलं. "मला वाटलं म्हणशील, सवय हाय."

"म्हणणार होते."

"मंग?"

"खोटं झालं असतं."

तेजस्विनीने बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं. पिवळी जर्सी भिजून अंगाला चिकटली. "आईनं या जर्सीतला फोटो गावभर दाखवलाय," ती म्हणाली. "आता तिला काय सांगू? साखळीचं सांगू का तुझं सांगू?"

"माझं सांग."

"तुझं सांगितलं तर ती मलाच झापंल. म्हणंल, तिनं बरं केलं." तिने ओले केस मागे सारले. "मला राग आलाय हां मैत्री. खोटं कशाला बोलू. आजच्या दिस राहील. उद्याचं उद्या बघू." आणि तिने बूट चढवायला घेतले. मैत्रीला वाटलं, यापेक्षा नेटकं कुणी काय बोलणार. रागावलेली माणसं बहुतेक वेळा रागाची लांबी सांगत नाहीत.

बक्षिसं झाली, अक्षताच्या अंगावर नवी पिवळी जर्सी चढली, फोटो झाले. शर्यत संपल्यावर मैत्री-तेजस्विनीच्या वाघोलीतल्या फ्लॅटवर सगळ्यांनी सायकलनेच जायचं हा या संघाचा पहिल्यापासूनचा रिवाज. त्याने पाय मोकळे होतात आणि रडणं असलं तर ते वाऱ्यात निघून जातं, असं शर्मिलाताई म्हणतात. त्या स्वतः मात्र गाडीतून पुढे निघून गेल्या, जाताना काच खाली करून "सावकाश या गं तिघी" एवढं म्हणाल्या, आणि "तिघी" म्हणताना त्यांनी मैत्रीकडेही बघितलं. निघताना मैत्री नेहमीप्रमाणे पुढे झाली. तेजस्विनीने तिच्या हँडलवर हात ठेवला. "आज मी पुढं," ती म्हणाली. रूपाली मधे शिरली. मैत्री शेवटी राहिली. तिला आठवेना, याआधी आपण कधी रांगेच्या शेवटी होतो. शेवटी असलं की वारा लागत नाही, रस्ताही दिसत नाही. पुढच्याची पाठ दिसते आणि तिच्यावर भरवसा ठेवायचा असतो. ऊन उतरायला लागलं होतं. पूल ओलांडला, येरवडा आला. आजोबांची ती खोली आता नाही, तिथे मोबाइलची दुकानं आहेत. पण खडकीकडे वळणाऱ्या रस्त्याला थोडा उतार आहे, तो तसाच आहे, आणि त्या उतारावर पहाटे पंधरा-वीस सायकली एकदम पायडल थांबवायच्या तेव्हा त्यांच्या चाकांची किरकिर कशी एक व्हायची ते आजोबा तोंडाने काढून दाखवायचे. मैत्रीने पायडल थांबवलं. किर्रर्र. पुढे रूपालीच्या चाकाची किर्रर्र होती, त्याच्या पुढे तेजस्विनीची. अंग दुखत होतं, पोटात भूक होती, आणि पाठीतलं कुसळ मघापासून टोचत नव्हतं हे तिच्या लक्षात आलं.

खराडीच्या अलीकडे मेट्रोच्या खांबांखाली रस्ता अरुंद होतो. तिथे तेजस्विनीचा डावा हात कमरेमागे गेला. बोट खाली. मैत्रीला ते बोट रूपालीच्या खांद्यावरून दिसलं. राग आलेलं माणूस दाखवेल तसंच, थोडं कडक. मग रूपालीचा हात गेला. मग मैत्रीचा. मागे कुणीच नव्हतं, संघ तिथेच संपत होता, तरी तिने बोट खाली धरून ठेवलं, तो खड्डा बाजूने सरकून जाईपर्यंत. इतक्यात मागून एका स्कूटरने करकचून ब्रेक मारला, खड्ड्याला वळसा घातला आणि ती मैत्रीच्या शेजारी आली. तोंडाला ओढणी घट्ट गुंडाळलेली बाई, फक्त डोळे उघडे. "अहो, मला काय दाखवताय?" ती ओढणीतून म्हणाली. "महापालिकेला दाखवा!" आणि निघून गेली.

रूपाली फिसकन हसली. पुढे तेजस्विनीने मान वळवली नाही, वेगही कमी केला नाही. फक्त विचारलं,

"कोण व्हतं गं मागं?"

"माहीत नाही," मैत्री म्हणाली.

जरा पुढे गेल्यावर तेजस्विनीचा हात पुन्हा मागे आला.